परतीचं पाणी

डोंबिवली
४ नोव्हेंबर २०२४

सौ. नर्मदा,

आशीर्वाद. परवा फोनवर तू विचारलंस, "बरे आसात मां?" आणि मी म्हटलं, "बरो आसंय." माझ्या बाजूला देवेश आणि सूनबाई आकांक्षा उभे. तुला रेंज फक्त बाबलीच्या अंगणात मिळते, म्हणजे तुझ्या बाजूला बाबली कान लावून उभा असणार. एवढ्या माणसांत याहून जास्त काय बोलणार? म्हणून आपला जुना रस्ता धरतो. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी या कागदांवरच झाली आहेत.

आता खरं सांगतो. स्टेशनचा पूल चढताना दम कोंडला आणि चार दिवस दवाखान्यात होतो. इथली डॉक्टरीणबाई आकांक्षाहून लहान दिसते, पण पक्की आहे. तिने विचारलं, "आजोबा, काम काय करत होतात?" म्हटलं, "महापालिकेच्या पाणीखात्यात सदतीस वर्षं पंप चालवला." ती म्हणाली, "मग तुम्हाला समजावणं सोपं. तुमचा आतला पंप दमलाय." मी विचारलं, "किती हॉर्सपॉवर उरलीय?" ती हसली. म्हणाली, चांगलं हृदय एकदा भरलं की शंभरातले साठ भाग पुढे ढकलतं, तुमचं तीस ढकलतं. उरलेलं मागे तुंबतं, मग फुप्फुसात पाणी आणि पायांना सूज.

नियम असे: रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. माझं कोरडं वजन अठ्ठावन्न किलो. मीठ जवळजवळ बंद. पाणी दिवसाला दीड लिटर, सगळं धरून. मी सव्वा लिटरची बाटली घेतली, आकांक्षाने तिच्यावर नखाच्या रंगाने रेघा मारून दिल्या. पिण्याचं, चहाचं, गोळ्यांचं, सगळं पाणी त्याच बाटलीतून. दीड लिटरची मुभा असताना सव्वाच्या आत राहतो. पंपवाला आहे मी.

आणि आता मुख्य गोष्ट. मी बाईंना विचारलं, गावी कधी जाऊ? कायमचा. त्या म्हणाल्या, वजन सलग एकवीस दिवस अठ्ठावन्न ते एकोणसाठच्या आत ठेवून दाखवा, मग जा. निवृत्त झालो त्याला आठ वर्षं झाली. आधी दोन वर्षं कंत्राटावर काढली, मग देवेशची मुलगी लहान म्हणून राहिलो. दर वर्षी तुला लिहीत आलो, यंदा येतोच. यंदा एकवीस दिवसांचाच प्रश्न आहे.

इथलं अळणी जेवण घशाखाली उतरत नाही. जमलं तर उकडे तांदूळ पाठव.

गंगाराम


आरोंदा
१३ नोव्हेंबर

देवेशच्या बाबांना नर्मदाचा नमस्कार.

पत्र मिळालं. चार दिवस दवाखान्यात होता आणि फोनवर "बरो आसंय" म्हणालात. तुम्हाला काय म्हणावं ते इथे लिहीत नाही, पोस्टमन नवीन आहे.

बाबलीला मी सांगितलं, ह्यांच्या काळजाचा पंप तीसवर आलाय. तो म्हणाला, "काकी, माज्या मोटारसायकलीचोय तितकोच आसा. चढाक ढकलूची लागता, पण चलता."

त्याच्या त्या चढावरून मला आपल्या पायऱ्या आठवल्या. खाडीच्या रस्त्यापासून उंबरठ्यापर्यंत त्रेसष्ट. तुम्ही पूल चढताना दमलात, तर या कशा चढणार? रात्री जेवताना हाच विचार आला आणि सकाळी बाबलीला बोलावलं. त्याच्या घराच्या बांधकामातले जांभ्या दगडाचे चिरे तळीकाठी उरलेत. दर बारा पायऱ्यांनी कडेला एक चिरा बसवून घेते, टेकायला. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ, असे पाच. बाबली म्हणाला, "पाचवो कित्याक? थंयसून घर तीन पायऱ्यांर." मी म्हटलं, "बसव मेल्या, जास्ती बोलू नको."

तांदूळ दहा किलो पाठवते. बाबलीचा भाऊ गोव्याच्या बसवर क्लीनर आहे, तो सोमवारी पहाटे कल्याणला उतरवील. सोबत कोकमाच्या आगळाची बाटली आहे. सोलकढी करून प्या, अळणी जेवणात तोंडाला जरा चव येईल. पेज पातळ करायला आकांक्षाला शिकवा, ती भातासारखी घट्ट करील. एक वाटी तांदळाला आठ वाट्या पाणी.

गाय व्यायली, पाडी झाली. नाव तुम्ही ठेवा.

एकवीस दिवस मी भिंतीवर कोळशाने मोजणार आहे. कुठल्या तारखेपासून धरू ते कळवा.

नर्मदा


डोंबिवली
२४ नोव्हेंबर

सौ. नर्मदा,

तांदूळ मिळाले. पिशवी उघडली आणि सगळ्या खोलीला आपल्या घराचा वास लागला. आकांक्षा म्हणाली, "बाबा, हे तांदूळ लाल का?" म्हटलं, "तुझे पांढरे का ते आधी सांग." आता सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज. मोठा वाडगा भरून. रात्री वर सोलकढी. मीठ एक कण घालू देत नाही. फार दिवसांनी पोटभर जेवतोय. डोळे मिटून जेवलं की समोर आपली खाडी दिसते, आणि तू वाढतेस असं वाटतं. हे फोनवर कसं सांगायचं?

पाडीचं नाव डोंबिवली ठेव. म्हणजे हाक मारताना तुला मला शिव्या देता येतील.

काल तपासणीला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंशी माझं जमलंय. मी विचारलं, "मॅडम, या पंपाला किती सोडायचं हे सांगतो कोण? आमच्याकडे वरून फोन यायचा, अमक्या भागाला इतकं सोड." त्या म्हणाल्या, "इथे फोन नाही लागत. जितकं परत येतं, तितकंच तो पुढे पाठवतो."

मला पटेना. त्यांनी रबरबँड काढला आणि ताणून दाखवला. सगळ्या अंगातून फिरून रक्त हृदयात परत येतं. जास्त आलं तर भिंत जास्त ताणते, आणि जास्त ताणली म्हणून जास्त जोराने आकसते. कमी आलं तर कमी. दर ठोक्याला नवा हिशेब. तू पायऱ्या चढतेस तेव्हा पोटऱ्या रक्त दाबून वर पाठवतात, हृदयात भरणा वाढतो, तेही तितक्याच जोराने फेकतं. शिवाय मेंदूकडून तारा आलेल्या आहेत, त्या ठोके वाढवतात. भीती वाटली, राग आला, कुणी दिसलं, तरी वाढवतात. आमचा पंप टाकी रिकामी असली तरी कोरडाच घरघरत राहायचा, मी बंद करेपर्यंत. हा पंप भरण्याकडे बघून चालतो. याला चालवणारा लागत नाही.

"मग माझं काय बिघडलं?" विचारलं. म्हणाल्या, "तुमचा रबर सैल झालाय आजोबा. ताणतो, पण ओढत नाही. म्हणून जास्त भरून चालत नाही. तेवढं मात्र बाहेरून आपल्याला सांभाळायचं."

वजन ठीक आहे. एकवीस दिवस १८ तारखेपासून धर.

गंगाराम


आरोंदा
५ डिसेंबर

देवेशच्या बाबांना नमस्कार.

बाईंनी सांगितलेलं मी बाबलीला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न असा, की पंपाला चालवणारा लागतच नाही तर काकांनी सदतीस वर्षं पगार कशाचा घेतला?

माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही "वजन ठीक आहे" असं लिहिलंत. एकोणीसशे त्र्याऐंशीपासून तुमची पत्रं वाचते. त्यात विहिरीचं पाणी किती हात खाली, भाड्याचे किती, देवेशला शर्ट किती नंबरचा, सगळ्याचा आकडा असतो. या पत्रात आकडा नाही. आकडा लिहा.

पाचही चिरे बसले. मी डोक्यावर शेणाची टोपली घेऊन खालून वर आले आणि प्रत्येक चिऱ्यावर बसून नाडी मोजली. संचिताने, म्हणजे आपल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सने, मला शिकवलंय. खाली बहात्तर होती, तिसऱ्या चिऱ्यावर एकशे सोळा, पाचव्यावर एकशे बावीस. पाच मिनिटं बसले की परत ऐंशी. तुमच्या बाई म्हणतात ते खरं आहे. मी काहीच केलं नाही, त्याचं त्यालाच कळलं.

तिसऱ्या चिऱ्यापाशी फणस आडवा येतो, तिथून घर दिसत नाही. फांदी तोडू का, असं बाबलीने विचारलं. नको म्हटलं. त्याच झाडाखाली सावली आहे, तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ तिथेच बसावं लागेल.

पाचव्या चिऱ्यावर मी बसणार आहे. तुम्ही येताना.

एक लिहू का? लिहितेच. तुम्ही "मी येतो, मी येतो" असं आठ वर्षं लिहिलंत. "तू ये" असं एकदाही लिहिलं नाहीत. शहाण्णव साली मी न विचारता आले होते, ट्रंक घेऊन, देवेशचा शाळेचा दाखला घेऊन. अकराव्या दिवशी तुम्ही आम्हाला बसमध्ये बसवलंत. म्हणालात, देवेशला इथलं पाणी मानवणार नाही. पाणीखात्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? आता तुमच्याकडे येऊन हाताने पेज करून वाढली असती. पण तुम्ही बोलावलं नाही. असो.

कोळशाच्या सतरा रेघा झाल्या.

नर्मदा


डोंबिवली
८ जानेवारी २०२५

नर्मदा,

पाकिटावर पत्ता आकांक्षाच्या अक्षरात आहे. तुला पाकीट फोडायच्या आधीच कळलं असेल.

पुन्हा दवाखान्यात होतो, नऊ दिवस. आता घरी आहे. देवेशला मीच सांगितलं की गावी काही कळवू नको. त्याला बोल लावू नकोस.

आकडा मागितला होतास. २४ नोव्हेंबरला एकोणसाठ पूर्णांक एक होता. त्यानंतर एकोणसाठ पूर्णांक आठ. साठ. एकसष्ट पूर्णांक दोन. आणि वहीत मी काय लिहिलं ते ऐक. पाणीखात्यात सदतीस वर्षांत लॉगबुकात एक खोटा आकडा लिहिला नाही. साहेबांनी सांगितलं तरी लिहिला नाही. या वहीत मी अकरा दिवस रोज अठ्ठावन्न पूर्णांक चार लिहिलं. तुझ्या कोळशाच्या रेघा पुसायला लागू नयेत म्हणून. अकराव्या दिवशी रात्री आडवं होताच येईना. बसूनच राहिलो, पाण्यात बुडाल्यासारखा.

बाईंनी वही बघितली, मग माझे पाय बघितले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, खोटा आकडा लिहिलात तर मी गोळी कशावरून ठरवू?" त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण पाणी मी खरंच चोरलेलं नाही. बाटली सव्वा लिटरची, रोज तळाला दोन बोटं उरायची. मीठ शून्य. मीटर बरोबर, नळ बंद, तरी टाकी भरतेय. अशी तक्रार आली की आम्ही रात्रभर पाइपलाइनच्या कडेने चालत तपासायचो. इथे कुठली लाइन तपासू? बाई म्हणाल्या, मग हृदयच आणखी खचलं असणार, असं असेल तर प्रवासाचं नाव काढू नका.

तेव्हा आता चिरे वगैरे काही करू नकोस. झाले ते राहू देत, गुरं टेकतील.

शहाण्णव सालचं लिहायचं आहे. आज हात चालत नाही.

गंगाराम


आरोंदा
१७ जानेवारी

देवेशच्या बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र तीन दिवस उशाखाली होतं. आज सकाळी पेज रटरटत होती, मी वरून आणखी एक तांब्या पाणी ओतलं, आणि तांब्या हातातच राहिला.

पेज मोजलीत का?

पत्रं काढून परत वाचली. तुम्ही लिहिलंय, पिण्याचं पाणी, चहाचं पाणी, गोळ्यांचं पाणी. पेज कुठेच नाही. कशी असेल? आपण पेज पीत नाही, पेज जेवतो. माझी आई मला कधी "पेज पी" म्हणाली नाही, "पेज जेव" म्हणायची. जेवण पाण्यात कोण मोजतं?

मग मोजायला बसले. बाबलीकडून तसलीच सव्वा लिटरची बाटली आणली, तिच्यावर पाव-पाव लिटरच्या रेघा मारल्या. तुम्हाला पाठवलेल्या तांदळातली एक वाटी घेतली, आठ वाट्या पाणी, तुम्हाला लिहिली होती तश्शी पेज केली. मोठ्या वाडग्यात घेतली, वरची निवळ गाळून बाटलीत ओतली. शितं वेगळी ठेवली. बाटली चिकट, नरसाळं चिकट, मी चिकट. बाबली फाटकातून बघत होता. "काकी, पेज बाटलयेत? खंय धाडतंस, दुबयक?" त्याच्या बायकोने त्याला आत ओढून नेला.

एका वाडग्याची निवळ बाटलीच्या पहिल्या रेघेच्या वर गेली. पाव लिटरहून जास्त. तीन वाडग्यांची पाऊण लिटरच्याही पुढे. शितांनी शोषलेलं पाणी वेगळंच. तुमची बाटली आणि ही बाटली शेजारी ठेवली तर दोन लिटर कधीच ओलांडले. तुम्ही मीटर बघत राहिलात, आणि टाकीत रोज टँकर येऊन रिकामा होत होता.

हे मला लिहिता येतं. पुढचं मात्र माझ्यावर येतं.

सोलकढी कशाची करता? मी पाठवलेल्या आगळाची. आगळात मीठ असतं, नाहीतर ते टिकत नाही. मे महिन्यात मीच पसापसा घातलं होतं, या हातांनी. तुम्ही मीठ बंद लिहिलंत, ते वाचूनही मी बाटली बांधली. आगळ म्हणजे आगळ, मीठ म्हणजे मीठ, एवढंच डोक्यात. तुमच्या तोंडाला चव यावी म्हणून पाठवली. वर सोलकढी करून प्यायलाही मीच सांगितलं.

तांदूळही मीच पाठवले. "पातळ करा" हेही मीच लिहिलं.

हे पत्र तसंच बाईंच्या हातात द्या. तुमचं काळीज खचलेलं नसेल. कदाचित मी भरलं असेल ते.

रेघा पुसलेल्या नाहीत.

नर्मदा


डोंबिवली
९ फेब्रुवारी

सौ. नर्मदा,

बाईंनी तुझं पत्र माझ्यासमोर वाचलं. बाटलीत पेज ओतली तिथे हसल्या, आणि आगळाचं दोनदा वाचलं. मग आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. "मी रुग्णांना विचारते, पाणी किती, चहा किती, ताक किती. 'पेज' मला माहीत नव्हती. आजपासून विचारेन." माझ्या पाठोपाठ वेंगुर्ल्याची एक बाई आत गेली. दाराबाहेर बसून ऐकलं. "आजी, पेज किती जेवता?" पहिला प्रश्न तो.

आगळाचं मनाला लावून घेऊ नकोस. पाठवलीस तू, प्यायलो मी. बाटली उघडून चव घेऊन बघायला मला जीभ नव्हती का? पण खरं सांगू, चव मिठाची लागलीच नाही. घराची लागली.

आता सकाळी एक वाडगा, घट्ट, तो दीड लिटरात धरून. २९ जानेवारीपासून आकडे असे: ५८.८, ५८.५, ५८.३, ५८.३, ५८.१, ५८.२, ५८, ५८.१, ५८.१, ५८.३, ५८.२, ५८.१. बारा दिवस. देवेश रोज उभा राहून काटा बघतो आणि सही करतो, मीच करायला लावली. अजून नऊ उरले. तुझ्या चिऱ्यांविषयी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, दर बारा पायऱ्यांना पाच मिनिटं, आणि चढताना बोलायचं नाही. "ज्यांनी हे केलं त्यांना नमस्कार सांगा."

आता शहाण्णव.

मी तुला लिहायचो, मला क्वार्टर मिळालंय. नर्मदा, मला कधीच क्वार्टर नव्हतं. यादीत नाव होतं, यादी पुढे सरकली नाही. मी पंपहाउसच्या मागच्या खोलीत राहत होतो, पाच जण, पाच बाकं, मधे मोटारीचा आवाज. पहिल्या वर्षी तुला खोटं लिहिलं, कारण तुझ्या वडिलांनी लग्नात विचारलं होतं, जावयाला जागा आहे का. मग ते खोटं सांभाळत बसलो. दर पत्रात खिडकी, मोरी, कट्टा. तू विचारायचीस, मी लिहायचो.

तू ट्रंक घेऊन आलीस तेव्हा रेडकर म्हणून एक जोडीदार होता, त्याचं बिऱ्हाड गावी गेलेलं. त्याच्याकडून खोली मागून घेतली. अकराव्या दिवशी त्याची माणसं परत येणार होती. म्हणून ते पाणी मानवत नाही.

पुढे देवेशने इथे घर घेतलं तेव्हा बोलावता आलं असतं. पण कोणत्या तोंडाने? तू आल्यावर म्हणाली असतीस, तुमच्या क्वार्टरची जागा दाखवा.

लॉगबुकात खोटा आकडा लिहिला नाही, असं मी तुला ऐटीत लिहिलं. तुला मात्र अख्खं घर खोटं लिहिलं.

गंगाराम


आरोंदा
१८ फेब्रुवारी

देवेशच्या बाबांना नमस्कार.

आज भिंतीवर एकविसावी रेघ ओढली. तुमचे पुढचे नऊ आकडे मला ठाऊक नाहीत, पण या वेळी विश्वासावर ओढली.

क्वार्टरचं मला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी कळलं. मोरीच्या आरशाला एका बाईच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, सहा. दाराच्या चौकटीवर पोराची उंची मोजून पेन्सिलने खुणा केलेल्या, नाव लिहून, "बंड्या, पाच वर्षं". तुम्हाला साखरेचा डबा सापडत नव्हता. आपल्या घरात माणूस साखर शोधतो का? मी त्या टिकल्यांना हात लावला नाही. अकरा दिवस जमीन पुसली, जाताना त्या बाईसाठी डब्यात लाडू ठेवून आले. तुम्हाला त्यांनी सांगितलं नसेल.

बसमध्ये चढताना वाटलं, तुम्ही आता सांगाल. खिडकीशी उभे होतात. सांगितलं नाहीत. म्हणालात, पोचल्यावर पत्र टाक.

तुम्हाला जागा नव्हती याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. माणूस बाकावर झोपतो हे बायकोला सांगत नाही, म्हणजे मी बाकाशेजारी जमिनीवर झोपले असते हे त्याला माहीतच नाही. अठ्ठावीस वर्षं तेवढंच वाटत राहिलं. मीही विचारलं नाही. पत्रात खिडकीविषयी विचारत राहिले, तुम्ही लिहीत राहिलात. त्या खिडकीला मी मनात पडदेसुद्धा लावले होते.

तुमच्या बाई म्हणतात, जितकं परत येतं तितकंच तो पुढे पाठवतो. मी हे शेण सारवताना पुष्कळ वेळा घोकलं. जास्त काही लिहीत नाही. तुम्ही या.

यंदा मे महिन्यात सोलं बिनमिठाची सुकवणार आहे. टिकली तर टिकली.

डोंबिवली मोठी झाली. हाक मारली की येत नाही. नाव लागलंय तिला.

नर्मदा


[वहीचं फाडलेलं पान, शिसपेन्सिलीने]

तिसरा चिरा
९ मार्च, सकाळी पावणेदहा

नर्मदा,

बोलायचं नाही असं सांगितलंय म्हणून लिहितो. बाबलीकडे देतोय. तो मघापासून "काका, पाठीर मारून व्हरू काय?" म्हणतोय, मला पाठीवर न्यायच्याऐवजी ही चिठ्ठी नेऊ दे. देवेश खाली गाडीतून सामान काढतोय.

सकाळचं वजन ५८.१. पहिल्या चिऱ्यावर नाडी ८४, दुसऱ्यावर ९२. इथे बसलो तेव्हा ९६ होती. पाच मिनिटं झाली, ८२ वर यायला हवी होती. आली नाही, १०४ झाली. दम नाही, छाती मोकळी आहे, घाबरू नकोस. फणसाआड मला घर दिसत नाही, पण वर कुणीतरी चिऱ्यावर बसल्या बसल्या बांगड्या मागे सारतंय ते ऐकू येतंय.

उरलेल्या सत्तावीस पायऱ्या मी हळूहळू चढेन. चढता येतील. पण आधी एक राहिलंय, ते एक्केचाळीस वर्षांत लिहिलं नाही.

खाली ये गो.

गंगाराम


[त्याच पानाच्या मागे]

येतंय.